खड्डा बुजलाच नव्हता!

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून पाठ करायचा विषय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ संपादक मंडळाने निस्तरावा ही नम्र विनंती. आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी पहिला पाऊस, आई आणि मेस हे तीन विषय असतात. मीसुद्धा मेसवरच लिहिणार होते. (पनीरच्या भाजीत पनीर शोधणं हेही एक निरीक्षणशास्त्रच आहे!) पण यंदा माझ्याकडे दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती मला आधी मराठीतच सांगावी लागली, कारण ती आजीला सांगायची होती.

माझी आजी मंचरच्या बाजूला एका छोट्या गावात राहते. त्या भागात, पुणे-नाशिक हायवे सोडून आत गेलं की गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दुर्बीण आहे. आरसा दोन मीटरचा, २००६ साली सुरू झाली. लहानपणी सुट्टीत गेलो की आजोबा सांगायचे, "तिथं रात्रभर जागून लोक आभाळ बघत्यात." मला वाटायचं, हे लोक चंद्र बघत असतील. चंद्राच्या रात्री त्यांची उलट पंचाईत होते हे थर्ड इयरला आल्यावर कळलं.

थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट. आमची ब्रँच ईअँडटीसी. अर्ध्या वर्गाने लाइन फॉलोअर रोबो घेतला, उरलेल्या अर्ध्याने होम ऑटोमेशन. मी आणि माझा पार्टनर नोटीस बोर्डासमोर उभे होतो आणि आमच्या मनात एकही कल्पना नव्हती. शेवटी डीएसपीचे सर म्हणाले, "सिग्नल म्हणजे फक्त मोबाईलचा सिग्नल नाही. ताऱ्याचा वर्णपट हाही सिग्नलच. गोंगाटातून माहिती बाहेर काढा म्हणजे झालं." मला गिरवली आठवली. त्या रात्री हॉस्टेलच्या रडतखडत चालणाऱ्या वायफायवर 'गिरवली' शोधता शोधता मी क्वेसारपर्यंत पोचले.

क्वेसार म्हणजे काय ते आधी सांगते. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ नावाच्या एका 'ताऱ्याचा' वर्णपट पाहिला. त्यातल्या रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. मग लक्षात आलं की त्या साध्या हायड्रोजनच्याच आहेत, फक्त लाल बाजूला सोळा टक्के सरकलेल्या. याला मराठीत ताम्रसृती म्हणतात. (हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तांब्याच्या वायरचं काहीतरी असेल असं वाटलं होतं.) म्हणजे तो तारा नव्हताच. अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असलेल्या एका दीर्घिकेचं केंद्र होतं ते. मधे महाकाय कृष्णविवर, त्याच्याभोवती गरगरणारी तापलेल्या वायूची तबकडी, आणि तिचा उजेड इतका की आख्खी दीर्घिका त्यापुढे फिकी पडते.

आता गंमत अशी की त्या कृष्णविवरात सगळंच पडत नाही. काही वायू उलट बाहेर फेकला जातो. १९६७ मध्ये रॉजर लिंड्स यांना पीएचएल ५२०० या क्वेसारच्या वर्णपटात रुंद रुंद खड्डे दिसले. खड्डा म्हणजे तेवढ्या रंगांचा उजेड गायब. मधला वायू आपल्या दिशेने येतोय, म्हणून तो रेषेच्या जागेपेक्षा निळ्या बाजूचा उजेड गिळतो. त्यातला काही हळू, काही जोरात, म्हणून एका बारीक रेषेऐवजी हा भला रुंद खड्डा. वेग सेकंदाला हजारो किलोमीटर, काही ठिकाणी तर प्रकाशाच्या वेगाच्या एक दशांशापर्यंत. म्हणजे एका सेकंदात पुणे-मुंबई दोनशे वेळा, तेही लोणावळ्याला न थांबता. ठळक क्वेसारांपैकी साधारण दहा-वीस टक्क्यांत असे खड्डे सापडतात.

हे सगळं मी दिवाळीत आजीला सांगायला बसले. दोन मिनिटांत माझं मराठी संपलं. 'ॲब्सॉर्प्शन', 'आउटफ्लो' हे शब्द काढून टाकले तर माझ्याकडे हातवारेच उरत होते! आजी म्हणाली, "आगं, वारं दिसतंय व्हय कधी? उफणताना बघ. भुसा उडाला का कळतं वारं कुठनं हाय." तिवईवर उभं राहून ती सुपातून धान्य सोडायची ते मी लहानपणी पाहिलंय. दाणे खाली, भुसा लांब. आणि खरं सांगू, क्वेसारमधलं वारं जवळपास असंच चालतं असं मानतात. तिथला वारा म्हणजे तबकडीचा उजेडच. ज्या अणूला ठराविक रंगाचा उजेड गिळता येतो त्याला धक्का बसतो आणि तो भुशासारखा उडतो. तीन इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन यात पटाईत, १५४९ अँगस्ट्रॉमच्या आसपासचा अतिनील उजेड गिळतो. पण ज्याचे सगळेच इलेक्ट्रॉन गेलेत त्याला असा धक्का बसतच नाही. म्हणून एक्स-किरणांनी वायू पार सोलून निघू नये यासाठी आत कुठेतरी आडोसा असावा लागतो. आजीला मी आडोशाबद्दलही सांगितलं. तिला ते लगेच पटलं.

पण हे वारं नक्की किती दूर आहे, किती दाट आहे, हे कसं कळणार? कुठल्याही दुर्बिणीतून क्वेसार हा एक ठिपकाच. फोटोत काही दिसत नाही. इथे एक साधी युक्ती आहे: तोच क्वेसार काही वर्षांनी पुन्हा बघा. खड्डा खोल झाला, उथळ झाला, सरकला की नाहीसा झाला? बदल झाला तर त्याची मुख्यतः दोन कारणं. एक तर वायूचा ढग आपल्या नजरेच्या रेषेतून आडवा निघून गेला, नाहीतर क्वेसारचा उजेड कमीजास्त झाला आणि त्यामुळे वायूतल्या अणूंची अवस्था बदलली. ढग सरकला असेल तर तो किती वेगात आणि किती जवळ आहे याचा अंदाज येतो. अवस्था बदलली असेल तर वायूची घनता आणि तिच्यावरून अंतर काढता येतं. आणि हे वारं किती जोरदार आहे त्यावर दीर्घिकेत नवे तारे जन्मणार की त्यांचा कच्चा मालच उडून जाणार हे ठरू शकतं.

गिरवलीच्या दुर्बिणीने हेच काम केलंय हे वाचलं तेव्हा मी मेसमध्ये ताट हातात घेऊन किंचाळले होते. आयुकाचे एम. विवेक, आर. श्रीआनंद, कॅलटेकचे आशिष महाबळ आणि व्ही. सी. कुरियाकोस यांचा २०१२ चा पेपर आहे, एसडीएसएस जे१३३३५६ अशा लांबलचक नावाच्या क्वेसारवर. स्लोन सर्व्हेच्या जुन्या वर्णपटात मॅग्नेशियमचा एक खड्डा होता, सेकंदाला १७ हजार किलोमीटर वेगाचा. तो पुढे विरत गेला. दरम्यान २८ हजार किलोमीटर वेगाचा एक नवाच खड्डा उगवला आणि तोही नंतर जवळजवळ मिटला. माझी आजी खाली गावात झोपलेली असताना वर डोंगरावर हे टिपलं जात होतं! त्याच वर्षी फिलिझ आक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लोनचे ५८२ क्वेसार तपासले. त्यातल्या १९ क्वेसारमधले २१ खड्डे काही वर्षांत पूर्ण नाहीसे झालेले सापडले. त्यावरून त्यांनी हिशोब केला की आपल्या नजरेच्या रेषेत असा एखादा खड्डा सरासरी शंभरेक वर्षं टिकत असावा. एवढ्या अवाढव्य गोष्टीला आजीच्या वयाशी तुलना करता येईल असं आयुष्य आहे, हे मला फार विचित्र वाटलं.

आता आमचं प्रकरण.

स्लोन सर्व्हेचा सगळा डेटा फुकट मिळतो. आम्ही साधारण १.९ ताम्रसृतीचा एक क्वेसार निवडला. त्याचा एक वर्णपट २००२ चा, दुसरा २०११ चा. आपल्या घड्याळात नऊ वर्षं, पण विश्वाच्या प्रसरणामुळे त्याच्या घड्याळात जेमतेम तीन वर्षं एक महिना. (सबमिशनच्या तारखांनाही असं काही करता आलं असतं तर!) पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला, दोन्ही वर्णपट एका पट्टीवर आणले आणि एकातून दुसरा वजा केला. रात्री दोन वाजता स्क्रीनवर निळ्या टोकाला, बरोब्बर कार्बनच्या खड्ड्याच्या जागी एक मोठा उंचवटा आला. म्हणजे खड्डा भरून आला होता. आम्ही मोजलं, जवळजवळ निम्मा! त्या क्वेसारचं नाव कुठल्याच यादीत सापडलं नाही. फोनवर पार्टनर नुसता "भारी, भारी" करत होता. मी उड्या मारल्या, रूममेट उठून बसली.

सकाळी मी पप्पांना फोन केला. इथेच चुकलं. पप्पांनी दुपारपर्यंत ऑफिसात, संध्याकाळी सोसायटीत आणि रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर सांगून टाकलं की मुलीने नवा शोध लावला. एका काकांनी विचारलं, त्या ताऱ्याला आपलं आडनाव देणार का?

तीन आठवड्यांनी टेक्निकल फेस्टिव्हलची पोस्टर स्पर्धा होती. पोस्टर तयार झालं. वर ठळक अक्षरात 'मावळतं वादळ'. सर खूश होते, पण एवढंच म्हणाले, "कंट्रोल काय घेतलात?" आम्ही "करतो सर" म्हणून सटकलो.

माझी रूममेट मेकॅनिकलची. पोस्टरच्या आधी चार दिवस ती माझ्या पलंगावर बसून मॅगी खाताना म्हणाली, "अगं, वर्कशॉपमध्ये जॉब मापात नाही आला तर आम्ही काय करतो? शेजारच्याचा जॉब बघतो. त्याचाही तेवढाच चुकला असेल तर घोळ मशीनचा." मी हसले. पण मग झोप लागेना. उठून त्याच प्लेटवरचा दुसरा एक क्वेसार उतरवला, ज्याच्यात असा खड्डाच नाही. वजाबाकी केली. निळ्या टोकाला उंचवटा. तिसरा घेतला. उंचवटा. पोटात खरंच कळ आली हो!

प्लेट म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळा दोष तिथेच होता. न्यू मेक्सिकोमधल्या स्लोन दुर्बिणीत तेव्हा ॲल्युमिनियमची सुमारे ८० सेंटिमीटर व्यासाची गोल प्लेट बसवत. आकाशात जिथे जिथे तारा किंवा क्वेसार असेल तिथे तिथे तिच्यात भोक पाडलेलं, आणि प्रत्येक भोकात माणसं हाताने एकेक ऑप्टिकल फायबर खोचायची. आधी एका प्लेटला ६४०, नंतर बॉस सर्व्हेत १०००. हे वाचून आमची मेकॅनिकलवाली भारावून गेली होती. पण आपली हवा निळा उजेड लाल उजेडापेक्षा किंचित जास्त वळवते, त्यामुळे प्लेटवर ताऱ्याचा ठिपका न पडता बारीकशी रंगीत रेघ पडते. भोक कुठल्या रंगासाठी पाडायचं? बॉसमध्ये क्वेसारचा निळा उजेड जास्त हवा होता. म्हणून त्यांची भोकं ४००० अँगस्ट्रॉमसाठी जरा सरकवली, वर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या वॉशर लावल्या. पण ज्या प्रमाण ताऱ्यांवरून उजेडाची पट्टी ठरवायची त्यांची भोकं ५४०० वरच राहिली. त्या ताऱ्यांचा निळा उजेड थोडा फायबरबाहेर सांडायचा, पट्टी तो भरून काढायची, आणि ज्यांचा सांडलाच नव्हता ते क्वेसार उगाचच जास्त निळे दिसायचे.

हे कुणी लपवलेलं नव्हतं. सर्व्हेच्या पेपरात स्वच्छ लिहिलंय, २०१६ मध्ये त्याची दुरुस्तीही प्रसिद्ध झाली. आम्ही वाचलं नव्हतं. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंचा उजेड पाहून तिथल्या तिथे पातळी ठरवायची असते, हे या विषयातलं पहिलं काम. आम्ही आख्ख्या वर्णपटाला एकच गुणक लावून मोकळे झालो होतो. नीट केलं तेव्हा खड्ड्यातला फरक उरला सहा टक्के, आणि आमचा गोंगाटच होता आठ टक्के. म्हणजे काही बदललेलं नव्हतं. किंवा बदललं असलं तरी आम्हाला ते सांगता येत नव्हतं.

पार्टनरला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "जजेसना कुठे कळणार आहे? बाहेरून येतात, दहा मिनिटं बघतात." मी म्हटलं, आपल्याला कळलंय ना. तो चिडला. "तुला काय फरक पडतो? तुझा पॉइंटर नऊच्या वर आहे. माझी एक केटी आहे, इंटर्नशिपच्या फॉर्मवर लिहायला माझ्याकडे हे एकच आहे." त्याचं खोटं नव्हतं. हे मी आजही म्हणते. शाळेत आम्हाला मॉरल सायन्स नावाचा तास असायचा, त्यात असल्या गोष्टींची उत्तरं अगदी सोपी असत. पुस्तकातल्या मुलाला कधी केटी नसायची. दोन रात्री आम्ही वाद घातला. शेवटी मी म्हटलं की पोस्टर बदलायचं नसेल तर माझं नाव काढ. असं म्हणणं म्हणजे धमकीच होती, कारण मिनी प्रोजेक्टचे पन्नास मार्क दोघांचे एकत्र होते. मला ते माहीत होतं आणि तरी मी म्हटलं.

पोस्टर बदललं. 'मावळतं वादळ' गेलं आणि त्या जागी 'चुकीच्या भोकातून दिसलेलं वादळ' आलं. हे नाव रूममेटने सुचवलं. पार्टनर स्पर्धेच्या दिवशी अकरा वाजता उगवला, एका बाजूला उभा राहिला. एका जजने विचारलं, "मग तुमचा रिझल्ट काय?" मी म्हटलं, "सर, रिझल्ट नाही." ते पुढच्या पोस्टरकडे वळले. दुसऱ्या मॅडम मात्र थांबल्या. त्यांनी भोकांबद्दल विचारलं तेव्हा मी अडखळले आणि पार्टनर पुढे झाला. टेबलावरचा कागद घेऊन त्याने पेनाने भोक पाडलं, मोबाईलचा टॉर्च धरला आणि इतकं छान समजावलं की मीच ऐकत राहिले. बक्षीस होम ऑटोमेशनला मिळालं. आवाज दिला की पंखा सुरू होत होता, हे कबूल करायला हवं. पार्टनर आणि मी बोलतो, पण कामापुरतं. इंटर्नशिपचं त्याचं अजून झालेलं नाही.

सर्वांत अवघड काम शेवटी ठेवलं होतं. रविवारी रात्री पप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. प्लेट, भोकं, वॉशर. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे चुकलं?"

"हो."

"कुणी पकडलं?"

"आम्हीच."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "जेवलीस का?" ग्रुपवर त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. काका अजून आडनावाचं विचारतात.

स्लोनवाल्यांनी २०२१-२२ पासून ती प्लेटांची पद्धत बंद केली, आता रोबो फायबर हलवतात. रूममेटला याचं मनापासून वाईट वाटलं. आमच्या क्वेसारचा नवा वर्णपट आलाय का हे मी अधूनमधून बघते, अजून तरी नाही. महाशिवरात्रीला गावी गेले तेव्हा आजीने आपणहून विचारलं, "त्या तुझ्या वाऱ्याचं काय झालं गं?" मी म्हटलं, आजी, वारं पडलंय असं वाटलं होतं, पण सूपच वाकडं धरलं होतं आम्ही. ती हसली नाही. सुपारी कातरत म्हणाली, "मग सरळ धर आन् परत बघ की."